देवळाची पाठही बघा

वाईला कुणी पाहुणा आला की मी त्याला ढोल्या गणपतीच्या समोर आधी नेत नाही. घाटावरून फिरवून देवळाच्या पाठीमागे उभा करतो आणि म्हणतो, ही भिंत बघा. गाभाऱ्यामागची ही दगडी भिंत सपाट नाही. दोन्ही अंगांनी निमुळती होत ती एका टोकाशी मिळते. वाईकर तिला मत्स्याकार म्हणतात. मी पाटबंधारे खात्यात आरेखक होतो. पुलाच्या खांबाला पाणी येतं त्या बाजूनं अशीच धार काढतात, ती कागदावर आखण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. पुराचा लोंढा सपाट भिंतीवर आदळला तर सगळा जोर भिंतीवर येतो. तोच धारेवर आला तर दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जातो. गणपतराव भिकाजी रास्त्यांनी 1762 साली हे देऊळ बांधलं, तेव्हा त्यांच्या कारागिरांना हे पक्कं ठाऊक होतं. मोठ्या पुरात कृष्णेचं पाणी आजही देवळात शिरतं. ओसरलं की गाळ काढतात, देऊळ धुतात आणि पूजा पुन्हा सुरू होते.

वाई परिसरातली देवळं बघायची ती अशी, नदी ध्यानात ठेवून. महाबळेश्वराच्या डोंगरातून उतरलेली कृष्णा इथे सपाटीला लागते. पेशवाईत या काठावर पैसा आला तो मुख्यतः रास्त्यांमुळे. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई या रास्त्यांच्या लेक, म्हणजे थोरल्या माधवरावांचं हे आजोळ. सोयरीक थेट पुण्याच्या गादीशी, त्यामुळे घाट आणि देवळं एकामागून एक उभी राहिली. गणपतीशेजारचं काशीविश्वेश्वराचं देऊळ आनंदराव भिकाजींनी 1757 साली बांधलं. तिथल्या काळ्या नंदीसमोर जरा बसा. गळ्यातल्या माळा, पाठीवरची झूल आणि तिच्यावरची नक्षी दगडातच कोरलेली आहे, आणि घोटाई अशी की पाषाणावर उजेड चमकतो.

या देवळांची बांधणीही समजून घ्यावी. खालचं अंग घडीव काळ्या दगडाचं, वर शिखर विटा-चुन्याचं. दगड भार आणि पाणी सोसतो. वीट हलकी, आणि चुन्याच्या गिलाव्यात कोनाडे, कमळं, मूर्ती हव्या तशा काढता येतात. चुना ओल धरतो आणि सोडतोही, म्हणून अडीचशे पावसाळे काढूनही ही शिखरं उभी आहेत.

वाईहून धोमच्या रस्त्याला लागलं की थोड्याच अंतरावर मेणवली. बहुतेक लोक नाना फडणविसांचा वाडा बघतात आणि परततात. वाड्यामागचा घाट उतरून मेणेश्वराच्या देवळापाशी जरूर जा. तिथे एका छोट्या मंडपात मोठी घंटा टांगली आहे. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि गावोगावच्या देवळांना दिल्या. ही त्यांतलीच एक. तिच्यावर 1707 हे साल आहे आणि बाळ येशूला घेतलेली मेरीही आहे. घंटा आणणाऱ्यांनी ते चित्र खरवडून काढलं नाही, याचं मला फार मोल वाटतं.

पुढे धोम. धरणामुळे गावाचं नाव सगळ्यांना माहीत, देऊळ मात्र थोड्यांनाच. महादेवासमोर कमळाच्या आकाराचं दगडी कुंड आहे, कुंडात भलं मोठं कासव आणि कासवाच्या पाठीवर नंदीचा मंडप. कुंड भरलं की दगडी कासव नंदीला पाठीवर घेऊन पाण्यावर तरंगतंय असंच दिसतं. म्हणजे पाणी हा इथे शिल्पाचाच भाग आहे. कोरड्या कुंडात निम्मं शिल्प हरवतं. शेजारी उंच, गोल जोत्यावर नरसिंहाचं देऊळ आहे. तेही पायऱ्या चढून बघा.

दुसऱ्या दिशेला, चंदन-वंदन गडांच्या बाजूला किकली आहे. तिथलं भैरवनाथाचं देऊळ यादवकाळातलं, म्हणजे रास्त्यांच्या देवळांहून काही शतकं जुनं. इथे दगडावर दगड चुन्याशिवाय बसवलेला. खाचा आणि वजन यांवरच सगळा तोल. एका मंडपाला तीन गाभारे आणि मंडपाचे खांब कोरीव. खांबाचा एकच दगड खालून वर जाताना आकार बदलत जातो, कुठे चौकोनी, कुठे अष्टकोनी, कुठे गोल. त्यावर हात न लावता, विजेरी तिरकी धरून नजर फिरवा. उजेड आडवा पडला की कोरीवकामाला उठाव येतो.

किकलीचं खरं धन म्हणजे वीरगळ, पडलेल्या वीरांच्या स्मरणासाठी कोरलेले दगड. देवळाच्या आवारात ते रांगेनं उभे आहेत. वीरगळ खालून वर वाचायचा. तळाच्या चौकटीत लढाई असते किंवा पडलेला वीर. गाई दिसल्या तर तो गोधन राखताना मेला असं समजावं. त्यावरच्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गाला नेतात. सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करत बसलेला असतो आणि माथ्यावर चंद्रसूर्य, म्हणजे ते असेतो याची कीर्ती राहो. बहुतेक वीरगळांवर नाव नसतं. राजांच्या बखरी झाल्या, पण गावच्या गुरांसाठी जीव देणाऱ्या माणसाची एवढीच नोंद उरली आहे.

म्हणूनच या दगडांना ऑइलपेंट फासलेला दिसला की जीव तुटतो. हे काम श्रद्धेनं, वर्गणी काढून होतं, हे मी जाणतो. पण रंगाच्या थरांखाली बोटं, दागिने, चेहऱ्यावरचे भाव बुजून जातात. चुन्याच्या जुन्या कामावर सिमेंट थापलं की ओल बाहेर पडायला वाट राहत नाही आणि आतला चुना फुगून सुटतो. जुन्या फरसबंदीवर चकचकीत टाइल्स बसवल्या की जमिनीची पातळी वाढते, खांबांचे कोरीव तळखडे गाडले जातात आणि पाण्याचा उतार बिघडतो.

हे टाळणं अवघड नाही. जीर्णोद्धाराचं काम काढताना चुन्याचं काम जाणणारा गवंडी बोलवावा, पुरातत्त्व खात्याचा सल्ला घ्यावा, वीरगळांना रंग आणि तेल लावू नये. माघ-फाल्गुनात वाईच्या घाटाघाटांवर कृष्णामाईचा उत्सव होतो, तेव्हा सगळं गाव नदीवर जमतं, पंगती बसतात. पंगती वाढणाऱ्या याच हातांनी ही देवळं आजवर सांभाळली. तुमच्या गावातही असं एखादं जुनं देऊळ असेलच. रंगरंगोटीसाठी वर्गणीचं पुस्तक दारात आलं की पैसे जरूर द्या. मात्र ते दगड झाकण्यासाठी नव्हे, दगड जपण्यासाठी खर्च करा, असं ठामपणे सांगा. गावातल्या एका माणसानं वेळेवर सांगितलं तरी कोरीवकाम वाचतं.