हायकू : हौशींनी जगवलेली ऑपरेटिंग सिस्टीम

हायकू ही हौशी प्रोग्रॅमरांनी उभी केलेली मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टीम आहे. तिचे मूळ १९९०च्या दशकातल्या बीओएस या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये. एकाच वेळी अनेक व्हिडिओ लावले, तरी बीओएस सहसा अडखळत नसे. २००१मध्ये ती बनवणाऱ्या ‘बी’ कंपनीची मालमत्ता ‘पाम’ने विकत घेतली. त्याच वर्षी चाहत्यांनी तशीच प्रणाली नव्याने लिहायला घेतली. २००४मध्ये तिला हायकू हे नाव मिळाले. ती लिनक्सवर आधारलेली नाही, तिचा कर्नल, म्हणजे गाभा, वेगळा आहे. ईमेल पाठवणाऱ्याचे नाव, गाण्याचा गायक अशी माहिती तिची फाइल सिस्टीमच नोंदवून ठेवते, त्यामुळे शोध चटकन लागतो. प्रत्येक वाय-फाय किंवा ग्राफिक्स कार्ड मात्र चालेलच असे नाही. म्हणून आधी पेनड्राइव्हवरून किंवा व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवून पाहा. त्यासाठी हार्ड डिस्कवरचे काही पुसावे लागत नाही.