मोत माऊलीची वाट

ऑगस्टअखेरीस एका शेजाऱ्याने माझ्या हातात एक रंगीत पत्रक ठेवले. स्पेनमधल्या सान्तियागो दे कोम्पोस्तेला या ख्रिस्ती तीर्थस्थानी गटाने चालत जायची सहल होती. मार्गदर्शक सोबत, मुक्काम हॉटेलात, बॅगा गाडीने पुढे पाठवायच्या आणि शेवटचे शंभरेक किलोमीटर आपण पायी जायचे. पत्रक मी वहीत घडी घालून ठेवले. पंधरवड्यानंतर, वांद्र्याच्या जत्रेच्या आदल्या शनिवारी रात्री, बोरिवलीच्या आय. सी. कॉलनीतून चालत निघालेल्या पंधरा-वीस माणसांबरोबर मीही निघालो. त्यांच्याकडे पत्रक नव्हते आणि मार्गदर्शकही नव्हता. सर्वांत पुढे सत्तरीच्या घरातल्या एक मावशी होत्या. त्यांच्या पिशवीत पाण्याची बाटली, जपमाळ आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली मेणाची दोन पावले होती.

वांद्र्याच्या माऊंट मेरीबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. मूर्ती, चमत्कार, नवस, जत्रा यांवर दर सप्टेंबरला मजकूर येतो. परंतु तिथवर माणसे कशी पोहोचत होती आणि आज कशी पोहोचतात, हे फारसे कोणी विचारत नाही. गेली काही वर्षे मी तेवढेच शोधतो आहे. या शोधातून माझे एक मत बनले आहे. या देवस्थानाचा इतिहास डोंगराइतकाच त्याच्या वाटेत आहे, आणि ती वाट आज चालणाऱ्याच्या हातून सुटत चालली आहे.

माऊली आणि मोत

आधी नावाचे पाहू. स्थानिक कोळी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती या देवीला ‘मोत माऊली’ म्हणतात. ‘मोत’चा अर्थ मोती असा लावून ‘मोत्याची आई’ असे सांगणारे आहेत. मला दुसरी व्युत्पत्ती अधिक पटते. पोर्तुगीजांत डोंगराला ‘मोंते’ म्हणतात. डोंगरावरची ती मोत माऊली. म्हणजे अर्धे नाव लिस्बनचे आणि अर्धे आळंदीचे. ज्या शब्दाने वारकरी ज्ञानोबांना हाक मारतो, त्याच शब्दाने चिंबईचा कोळी मरियेला हाक मारतो.

डोंगरावरचे पहिले छोटे देऊळ जेझुइटांनी सोळाव्या शतकात, १५७०च्या सुमारास उभारले. (इथले जुने ख्रिस्ती चर्चला ‘देऊळ’च म्हणतात, म्हणून मीही तोच शब्द वापरतो.) परंपरा सांगते की १७०० साली समुद्री लुटारूंनी सोन्याच्या लोभाने मूर्तीचा उजवा हात तोडला. एका कोळ्याला स्वप्नात दृष्टांत झाला आणि समुद्रात तरंगणारी मूर्ती सापडली, अशीही कथा आहे. इतिहास म्हणून या कथांवर मी भार टाकत नाही. पण दोन्ही कथांत संकटही समुद्रातून येते आणि कृपाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. कारण मुंबईकडून येणाऱ्या भाविकाची वाटही तेव्हा पाण्यातूनच होती.

खाडी ओलांडताना

वांद्रे हे सासष्टी बेटाचे दक्षिण टोक. समोर माहीम, मध्ये खाडी. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात माहीम इंग्रजांकडे गेले आणि वांद्रे पोर्तुगीजांकडे राहिले. म्हणजे ही खाडी दोन राजवटींची सीमा झाली. पुढे मराठ्यांची वसईची मोहीम सुरू झाली. मराठी वाचकाला १७३९ म्हटले की चिमाजी आप्पा आठवतात. वांद्र्याच्या ख्रिस्ती माणसाच्या आठवणीत त्या सालाची दुसरी बाजू आहे. त्या धामधुमीत इंग्रजांच्या सल्ल्याने पोर्तुगीजांनी वांद्र्याचा किल्ला पाडला. डोंगरावरचे देऊळही उद्ध्वस्त झाले. माऊलीची प्रतिमा खाडीपलीकडे माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये आश्रयाला गेली आणि वीसेक वर्षे तिथेच राहिली.

१७६०-६१च्या सुमारास डोंगरावरचे देऊळ पुन्हा उभे राहिले आणि प्रतिमा परत आली. इथे एक तारखांचा मेळ घालून पाहण्यासारखा आहे. सासष्टीवर मराठ्यांचा अंमल १७३९ ते १७७४ असा होता. म्हणजे मोत माऊलीचे देऊळ पुन्हा बांधले गेले ते पेशव्यांच्या अमदानीत. जत्रेच्या दिवसांत वांद्र्यात जी गर्दी उसळते, तिच्यात मुसलमान, हिंदू, पारशी सगळे असतात, याचे आपण कौतुक करतो. त्या सहवासाची मुळे शोधताना ही वीस-बावीस वर्षे विसरता येणार नाहीत.

खाडी मात्र होती तशीच होती. भरती-ओहोटी पाहून होडीने जायचे; पावसाळ्यात जीव मुठीत धरून. मरियेचा जन्मदिन ८ सप्टेंबरला येतो, म्हणजे पाऊस पुरता ओसरलेला नसतो. १८४५ साली माहीमचा बांधरस्ता खुला झाला आणि ही भीती संपली. त्यासाठी सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी अवाबाई यांनी १ लाख ५७ हजार रुपये दिले. देणगीला एक अट होती: या रस्त्यावरून जाणाऱ्याकडून सरकारने टोल घ्यायचा नाही. एका पारशी बाईने घातलेली ही अट मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. पायी जाणाऱ्याला वाट फुकट आणि निर्धोक मिळाली पाहिजे, हा विचार तिच्यात आहे.

त्यानंतर रेल्वे आली आणि लांबचा भाविक गाडीने येऊ लागला. आजचे देऊळ १९०४चे. १९५४ साली त्याला बॅसिलिकाचा दर्जा मिळाला. जत्रेच्या आठवड्यात बेस्ट वांद्रे स्थानकापासून जादा बस सोडते. सोय झाली, गर्दी वाढली. पण काही माणसे चालतच राहिली.

रात्रीची वाट

ती का चालतात? मावशींचे उत्तर साधे होते. नातवाच्या पायाचे ऑपरेशन झाले होते. तो चालू लागला तर मी चालत येईन, असे त्या बोलल्या होत्या. नवसाचा हा हिशेब आपल्याकडच्या कोणत्याही देवस्थानी असतो तसाच आहे. डोंगरावर मेणाचे हात, पाय, बाळे, घरे विकायला असतात. ज्याचे जे दुखते किंवा ज्याला जे हवे, त्याने ते वाहायचे. चालणाऱ्याने मेणाच्या पावलांबरोबर स्वतःची पावलेही वाहिलेली असतात, एवढाच फरक.

बोरिवली ते वांद्रे रेल्वेच्या मोजणीने सुमारे १९ किलोमीटर. कॉलनीतून निघून डोंगर चढेपर्यंत चोवीस-पंचवीस होतात. आमची वाट एस. व्ही. रोडची. याचे जुने नाव घोडबंदर रोड. वांद्र्याकडून उत्तरेला सासष्टीच्या घोडबंदरपर्यंत जाणारा हा जुना हमरस्ता. निघतो तिथे जवळच मंडपेश्वरची लेणी आहेत आणि त्यांच्या माथ्यावर पोर्तुगीज मठाचे अवशेष. वाटेत सांताक्रूझ लागते. त्या नावाचा अर्थच ‘पवित्र क्रूस’. उपनगर म्हणून आपण जे ओलांडतो, ते एके काळी गावठाणे, वाड्या आणि क्रुसांचे मुलूख होते. वांद्र्यात शिरल्यावर तर क्रूस पावलोपावली भेटतात. त्यांतले बरेच १८९६ साली आलेल्या प्लेगच्या काळातले आहेत. साथीतून वाचव म्हणून गावकऱ्यांनी वेशीवर आणि नाक्यावर ते उभारले. अशा क्रुसापाशी आमचा घोळका थांबे, मेणबत्ती लागे, जपमाळेचे एक दशक होई आणि पुन्हा चालणे सुरू.

दोन क्रुसांमधला रस्ता मात्र चालणाऱ्याचा राहिलेला नाही. पदपथ सलग नाही. तो सुरू होतो आणि दुकानाच्या पायरीत, नाहीतर उभ्या दुचाकींत संपतो. रस्त्यावर उतरावे तर मध्यरात्रीच्या गाड्या सुसाट. मालाडला सार्वजनिक शौचालयाला कुलूप होते. आमच्यातल्या सहा बायका गोरेगाव ओलांडेपर्यंत तशाच चालल्या आणि अखेर एका पेट्रोल पंपावर सोय झाली. मावशी म्हणाल्या, “दर वर्षी पाणी कमी पिऊनच निघतो आम्ही.” हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितले नाही, पथ्य म्हणून सांगितले. मला ते वाक्य टोचत राहिले.

एका धर्मगुरूचे संशोधन

आता पुन्हा त्या पत्रकाकडे. येशूचा शिष्य संत याकोब याची समाधी सान्तियागोला आहे, अशी श्रद्धा आहे. मध्ययुगात सगळ्या युरोपातून तिथे माणसे चालत जात. फ्रान्सच्या सीमेवरून निघणारी प्रसिद्ध वाट पावणेआठशे किलोमीटरच्या आसपास आहे. पण विसाव्या शतकात ही वाट जवळपास मोडली होती. तिला पुन्हा उभे करणाऱ्यांत एलियास वालिन्या हे एका डोंगरी खेड्यातले धर्मगुरू अग्रभागी होते. त्यांनी आधी या वाटेचा प्रबंध लिहिला, आणि त्याचा विषय ऐतिहासिक-कायदेशीर होता: यात्रेकरूला वाटेत कोणते संरक्षण होते, कोणते हक्क होते. मग १९८०च्या दशकात ते पिवळा रंग घेऊन निघाले आणि वळणावळणावर बाण रंगवत गेले. १९८७ साली युरोपीय परिषदेने या वाटेला पहिला ‘सांस्कृतिक मार्ग’ ठरवले. १९९३ साली स्पेनमधली वाट युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. किमान शेवटचे १०० किलोमीटर चालणाऱ्याला तिथे प्रमाणपत्र मिळते. २०२४ साली अशी प्रमाणपत्रे घेणारे जवळपास ५ लाख होते.

बॅगा पुढे पाठवून चालणाऱ्या पर्यटकांना हसणे सोपे आहे. मी हसणार नाही. त्यांच्यासाठी पाणी, मुक्काम आणि खुणा आहेत, त्या नवसाने चालणाऱ्यालाही मिळतात. वाट एकदा नीट झाली की भक्त आणि हौशी दोघांचीही होते.

आपल्याला हे परके वाटू नये. पंढरीच्या वारीला शिस्त आहे: दिंड्यांचे क्रमांक, ठरलेले मुक्काम, ठरलेले रिंगण. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी ही घडी बसवली. २०२१च्या नोव्हेंबरात पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची कोनशिला बसली, तेव्हा वारकऱ्यांसाठी कडेने स्वतंत्र पायवाट आराखड्यातच धरलेली होती. ख्रिस्ती पदयात्राही आपल्या मुलखाला नवी नाही. ३ डिसेंबरच्या सणासाठी सावंतवाडी आणि बेळगावकडून माणसे चालत जुन्या गोव्याला सेंट झेवियरच्या दर्शनाला जातात. मोत माऊलीची वाट या सर्वांहून लहान आहे, एका रात्रीची आहे. म्हणूनच ती नीट करणे अवघड नसावे.

डोंगरावर

पहाटे आम्ही हिल रोडला लागलो. सेंट पीटर्स, मग समुद्राजवळचे सेंट अँड्र्यूज. तिथल्या आवारात एकाच दगडातून घडवलेला उंच क्रूस आहे, त्यावर येशूच्या दुःखभोगाची चिन्हे कोरलेली आहेत. मावशींनी त्याला हात लावला आणि मग चढ धरला. वर दुकाने उघडत होती. मेणबत्त्यांचे ढीग लागत होते, गोव्याचे खाजे मांडले जात होते. दिवसभरात इथे इंग्रजीबरोबर कोकणी, मराठी अशा भाषांतूनही मिस्सा होतात. आमच्या वाट्याला पहाटेची आली.

परतताना मी किल्ल्याकडे उतरलो. समोर वांद्रे-वरळी सागरी सेतू होता. ३० जून २००९ रोजी तो खुला झाला. त्याला टोल आहे, आणि पायी चालणाऱ्याला त्यावर प्रवेश नाही. त्याच खाडीच्या तोंडाशी, थोडा आत, अवाबाईंचा बांधरस्ता आहे. दोन्ही एकाच नजरेच्या टप्प्यातले; मध्ये एकशे चौसष्ट वर्षे. सेतू चालण्यासाठी बांधलेलाच नाही, हे मला कळते. पण या शहराने पाण्यावर रस्ता टाकताना एके काळी पहिला विचार कोणाचा केला होता, याची तो बांधरस्ता आठवण देतो.

म्हणून एक साधी सूचना करतो. बोरिवली ते वांद्रे या वाटेवरच्या चर्चनी जत्रेच्या आठवड्यात रात्री आवाराचे एक फाटक, पाण्याचा एक नळ आणि एक शौचालय उघडे ठेवावे. महापालिकेने तेवढ्या रात्रींपुरती आपली कुलपे काढावीत. वाटेवरच्या क्रुसांची यादी मी वहीत करायला घेतली आहे. बोरिवलीपासून सांताक्रूझपर्यंत झाली, खार आणि वांद्रे बाकी आहेत. कोणाजवळ गावठाणांच्या जुन्या आठवणी असतील, तर त्या लिहून ठेवाव्यात.

मावशींनी मेणाची पावले वाहिली आणि त्या बाकावर बसून राहिल्या. परत बसने जाऊ, असे मी सुचवले. “येताना बोलले होते, जाताना नाही,” असे म्हणून त्या हसल्या, आणि आम्ही स्थानकाकडे जाणाऱ्या बसच्या रांगेत उभे राहिलो.