संगणकातील दप्तराची दुसरी प्रत

मराठी ग्रंथांचा संग्रह व जतन व्हावे या हेतूने ठाण्यात १८९३ साली मराठी ग्रंथ संग्रहालय स्थापन झाले. 'महाराष्ट्र सारस्वत'कार विनायक लक्ष्मण भावे त्याच्या संस्थापकांपैकी होत. आज ग्रंथालयांच्या सूची, पतसंस्थांचे हिशेब आणि शाळांच्या नोंदी संगणकाच्या हार्ड डिस्कवर असतात. या नव्या दप्तराच्या जतनाचीही तितकीच काळजी वाहिली पाहिजे.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. उल्हास नदीच्या पुराचे पाणी बदलापूर, उल्हासनगर व कल्याण परिसरात शिरले. अशा वेळी तळमजल्यावरील संगणकाबरोबर वर्षानुवर्षांच्या नोंदीही जाऊ शकतात. शिवाय पूर आला नाही तरी डिस्क कालांतराने बिघडतेच.

प्रतिमा म्हणजे काय?

केवळ फायली उतरवून घेतल्या, तर संगणक सुरू करणारी प्रणाली व तिची मांडणी मागे राहते. संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रत एका फायलीत साठविणे, यास डिस्कची प्रतिमा घेणे म्हणतात. लिनक्स या मुक्त प्रणालीत त्याची साधने विनामूल्य मिळतात. सी-डॅक या केंद्र शासनाच्या संस्थेने तयार केलेली 'बॉस' ही प्रणालीही लिनक्सवरच आधारलेली आहे.

कार्यपद्धती

प्रथम पेन ड्राइव्हवरील लिनक्सने संगणक सुरू करावा, म्हणजे मूळ डिस्कवर काही लिहिले जात नाही. 'एलएसबीएलके' या आज्ञेने प्रत्येक डिस्कचे नाव व आकार पाहून घ्यावा. त्यानंतर 'डीडी' ही आज्ञा मूळ डिस्क पहिल्या बाइटपासून शेवटपर्यंत उतरविते. मात्र मूळ डिस्क व प्रतीची डिस्क यांची नावे उलटसुलट झाली, तर मूळ माहितीच पुसली जाते आणि संगणक त्याची पूर्वसूचना देत नाही. म्हणून आज्ञा देण्यापूर्वी दुसऱ्या व्यक्तीकडून नावे तपासून घेणे हिताचे.

'डीडी' रिकामी जागाही उतरविते. ५०० गिगाबाइटच्या डिस्कची प्रतिमा तेवढीच मोठी होते. तैवानमध्ये विकसित झालेले 'क्लोनझिला' बहुधा वापरातील भागच घेते, त्यामुळे जागा व वेळ वाचतो. डिस्क बिघडू लागली असल्यास 'डीडीरेस्क्यू' वापरावे. ते आधी वाचता येणारा भाग घेऊन मगच सदोष भागाकडे वळते.

पडताळणी आणि साठवण

'डीडी'ने प्रतिमा घेतल्यावर मूळ डिस्क व प्रतिमा या दोहोंचा 'एसएचए-२५६' हा पडताळा अंक काढावा. दोन्ही अंक जुळले, तरच प्रत तंतोतंत उतरली असे समजावे. वर्षातून एकदा ती प्रतिमा दुसऱ्या डिस्कवर उतरवून संगणक सुरू होतो का, हेही पाहावे.

प्रत त्याच कपाटात ठेवल्यास पुरात दोन्ही जातील. ती कूटबद्ध करून दुसऱ्या इमारतीत, शक्यतो वरच्या मजल्यावर ठेवावी. पावसाळ्यापूर्वी छपराची डागडुजी करतो, तसेच हे कामही प्रत्येक संस्थेने मे महिन्यातच उरकून घ्यावे.