ट्रकी नदी जिथे संपते

ऑक्टोबर उजाडला की नेवाडाच्या वाळवंटातल्या पिरॅमिड लेकच्या काठावर माणसं शिड्या घेऊन येतात. घराला रंग देताना वापरतात तशा, ॲल्युमिनियमच्या घडीच्या शिड्या. कमरेएवढ्या पाण्यात शिडी रोवायची, वर चढायचं आणि तिथून गळाची दोरी जमेल तितकी लांब फेकायची. तळ्याचा तळ काठापासून थोडं अंतर उथळ जातो आणि मग एकदम उतरतो. मोठे मासे त्या उताराच्या कडेने फिरतात. शिडीवरच्या माणसाची सगळी धडपड त्या कडेपर्यंत दोरी पोचवण्याची असते. काहीजण मात्र शिडी आणत नाहीत, फ्लोट ट्यूब आणतात आणि तिच्यात बसून थेट त्या कडेवर जातात.

आपल्याकडच्या धरणांच्या फुगवट्यात ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळी सोडणारे मच्छीमार ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना फ्लोट ट्यूब फारशी समजावून सांगायला नको. अमेरिकेतही तिची सुरुवात तशीच झाली: ट्रकच्या ट्यूबला कॅनव्हासची खोळ, मधल्या भोकात बसायला पट्टा. आताची ट्यूब पुढून उघडी, घोड्याच्या नालासारखी असते. हवेच्या पिशव्या वेगवेगळ्या ठेवतात, म्हणजे एक फुटली तरी माणूस तरंगत राहतो. मांडीवर एक पडदा ताणलेला असतो आणि त्यावर मासा मोजायला इंचांच्या खुणा. अंगात छातीपर्यंत येणारी जलरोधक विजार, पायांत पोहण्याचे पंखे. पंखे मारले की ट्यूब पाठीच्या दिशेला सरकते. त्यामुळे माणूस पाठमोरा पुढे जातो आणि दोरी त्याच्या डोळ्यांसमोर मागे पसरत येते. हात मोकळे, पाय पाण्यात, आणि डोकं पाण्यापासून जेमतेम दोन-तीन फुटांवर. होडीतून तळं दिसतं. ट्यूबमध्ये बसलेल्याला ते मांड्यांना कळतं, कारण थंड पाण्याचा पट्टा कुठे सुरू झाला ते तिथेच आधी जाणवतं.

आणि शरद ऋतूत हा गारवाच सगळं ठरवतो. उन्हाळ्यात तळ्याचं वरचं पाणी तापतं, हलकं होतं आणि वरच राहतं. इथल्या ट्राउट मासळीला ते सोसत नाही, म्हणून ती खालच्या थंड थरात उतरते आणि काठावरच्या माणसाच्या आवाक्याबाहेर जाते. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या रात्री वरचा थर निवत जातो, जड होऊन खाली बसतो, थरांमधली सीमा खोल खोल जाते आणि हिवाळ्यात सगळं तळं ढवळून एकसारखं होतं. पाणी निवू लागलं की ट्राउट काठाजवळ येते, टुई चब नावाच्या लहान माशांच्या थव्यांमागे. गळाचा हंगाम म्हणूनच १ ऑक्टोबरला उघडतो आणि ३० जूनला मिटतो. जिवंत आमिष लावायला बंदी आहे, कृत्रिमच हवं. गळालाही उलटा काटा चालत नाही, म्हणजे सोडून द्यायच्या माशाचा जबडा फाटत नाही. पिसं आणि लोकरीचा ‘वूली बगर’ इथे जुना विश्वासू. दुसरी युक्ती मला फार आवडते: दोरी जड, तळाला बसणारी, आणि तिच्या टोकाला फोमचा तरंगणारा किडा. दोरी तळाला टेकते, किडा तळापासून थोडा वर लोंबत राहतो, आणि दोरी ओढली की खाली बुडी मारतो.

थंडी मात्र खेळ नाही. पाणी शरीरातली उष्णता हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने ओढतं. शिडीवरचा माणूस उतरून काठावर शेकोटीपाशी जाऊ शकतो. ट्यूबमधला माणूस बसलेला असतो, पाय मंद हलत असतात, आणि बोटं बधिर झाली आहेत हे दोरीची गाठ मारायची वेळ आली की कळतं. त्याहून मोठा धोका वाऱ्याचा. तळं सुमारे ४९० चौरस किलोमीटरचं, भोवती उघडे डोंगर, वारा अडवायला झाड नाही. सिएरा नेवाडा पर्वतावरून थंड हवेची लाट उतरली की आरशासारखं पाणी थोड्या वेळात फेसाळतं. पंख्यांच्या जोरावर ट्यूब अशा वाऱ्याला तोंड देऊ शकत नाही. वारा काठाकडे असेल तर माणूस काठाला लागतो. काठावरून आत वाहत असेल तर तळ्याच्या मध्याकडे ढकलला जातो. गंमत अशी, की इथली मासळी लाटा उठल्यावरच जास्त लागते, असं इथे गळ टाकणारे सांगतात. म्हणजे मासे काठाशी येतात त्या दिवशी ट्यूबवाल्याने पाण्याबाहेर राहायचं, आणि निवांत, निवळ दिवशी धीर धरून कडेकडेने फिरायचं. हा धीर ज्याच्याकडे आहे त्यानेच ट्यूब घ्यावी, असं माझं मत.

एवढा खटाटोप लोक ज्या माशासाठी करतात तो लाहोन्टन कटथ्रोट ट्राउट. जबड्याखाली तांबडी रेघ, अंगावर काळे ठिपके. हिमयुगात या प्रदेशात लाहोन्टन नावाचा सुमारे बावीस हजार चौरस किलोमीटरचा जलाशय होता. हवामान कोरडं होत गेलं, तो आटला, आणि सर्वांत खोल खळग्यांमध्ये जे उरलं त्यातलं एक पिरॅमिड लेक. ट्रकी नदी टाहो सरोवरातून निघते, साधारण १९० किलोमीटर वाहते, रीनो शहर ओलांडते आणि या तळ्यात संपते. तळ्यातून बाहेर पडायला वाट नाही. पाणी जातं ते फक्त वर, वाफ होऊन: वर्षाला सुमारे चार फूट. पर्जन्यछायेतल्या या मुलखात पावसाने ती तूट भरत नाही, नदीनेच भरावी लागते. क्षार मात्र मागे राहतात, म्हणून पाणी समुद्राच्या सुमारे एक-षष्ठांश खारट आहे. अशा पाण्यात जगून, चबसारखे मासे खाऊन ही ट्राउट अवाढव्य वाढली. डिसेंबर १९२५ मध्ये जॉन स्किमरहॉर्न या, इथल्या मूळ रहिवासी पायूट जमातीतल्या माणसाने इथे पकडलेली ४१ पौंडांची, म्हणजे साडेअठरा किलोंहून जड ट्राउट आजही या जातीचा जागतिक विक्रम आहे.

जानेवारी १८४४ मध्ये जॉन फ्रीमाँटची सर्वेक्षण तुकडी इथे पोचली. पाण्यातून उभ्या राहिलेल्या चुनखडकाच्या सुळक्यावरून त्याने तळ्याला नाव दिलं. हे खडक तळ्यानेच घडवलेले आहेत: तळातल्या झऱ्यांचं कॅल्शियम आणि तळ्यातलं कार्बोनेट भेटून थरावर थर साचत गेले. भुकेल्या तुकडीला पायूट लोकांनी मासे दिले, दोन ते चार फूट लांबीचे. फ्रीमाँटने नदीलाच ‘सॅमन ट्राउट रिव्हर’ म्हटलं. पायूटांचा मुख्य मासा मात्र वेगळा. क्वी-वी नावाचा, जाड ओठांचा, जगात फक्त या तळ्यात सापडणारा. इथले पायूट स्वतःची ओळख ‘क्वी-वी खाणारे’ अशीच सांगतात. वसंतात क्वी-वी आणि ट्राउट दोन्ही अंडी घालायला ट्रकीत चढत, आणि नदीकाठी सगळी जमात गोळा होई. १८५९ मध्ये हा प्रदेश त्यांच्यासाठी राखून ठेवला गेला, १८७४ मध्ये अध्यक्ष ग्रँट यांच्या आदेशाने ते पक्कं झालं. तळं त्यांचं ठरलं. तळ्यात येणाऱ्या पाण्याबद्दल कोणी काही लिहून ठेवलं नाही.

पुढची सगळी कथा त्या न लिहिलेल्या ओळीची आहे. १९०२ मध्ये काँग्रेस सदस्य फ्रान्सिस न्यूलँड्स यांच्या पुढाकाराने सिंचनाचा संघराज्यीय कायदा झाला आणि १९०५ मध्ये ट्रकीवर डर्बी धरण उभं राहिलं. वाळवंट हिरवं करण्याच्या राष्ट्रीय स्वप्नाचं हे पहिलंच बांधकाम. नदीचं निम्म्याहून अधिक पाणी कालव्याने फॅलनच्या शेतांकडे वळलं. ते शेतकरी खलनायक नव्हते. सरकारने बोलावलं म्हणून ते तिथे आले, घरं बांधली, अल्फाल्फा पेरला. पण तळ्याचा हिशेब कोणी केला नव्हता. पातळी १९६७ पर्यंत सुमारे ऐंशी फूट उतरली. शेजारचं विनेमका सरोवर १९३० च्या दशकाअखेर पूर्ण आटलं. पिरॅमिडमध्ये पाणी मागे हटलं तसा नदीच्या मुखाशी गाळाचा उथळ पट्टा उघडा पडला, आणि माशांना नदीत शिरताच येईना. ट्राउटची शेवटची मोठी चढण १९३८ मध्ये झाली. त्यानंतर थोड्याच वर्षांत या तळ्याचं मूळ वाण संपलं. क्वी-वी वाचला तो दीर्घायुष्यामुळे. तो चाळीस वर्षं जगू शकतो, म्हणून अनेक वर्षं जवळजवळ पिल्लंच झाली नाहीत तरी म्हातारे मासे तळ्यात वाट पाहत राहिले. ट्राउटकडे एवढी वर्षं नव्हती.

इथे मला थांबून कोर्टाबद्दल सांगायचं आहे, कारण मासेमारीच्या लेखनात हा भाग दोन ओळींत उरकला जातो. ट्रकीच्या पाण्याची वाटणी ठरवायला केंद्र सरकारने १९१३ मध्ये दावा लावला, त्याचा निवाडा १९४४ मध्ये झाला. त्यात सरकारच सिंचन प्रकल्पाच्याही बाजूने होतं आणि पायूटांच्याही. पायूटांसाठी त्याने पाणी मागितलं ते शेतीपुरतं. मासे जगवायला नदीत पाणी हवं, ही मागणी केलीच नाही. जमातीने ही चूक दुरुस्त करून मागितली, तेव्हा १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जुना निवाडा उघडता येणार नाही. एकाच वकिलाने दोन्ही पक्षांची बाजू मांडावी, त्यात दुबळ्याचं म्हणणं राहून जावं आणि तेच कायमचं ठरावं, हा अन्याय होता. तो अन्याय कायदेशीर ठरला म्हणून कमी होत नाही.

जमातीने दुसरे दरवाजे ठोठावले. १९७२ मध्ये वॉशिंग्टनच्या संघराज्यीय न्यायालयात त्यांनी अंतर्गत व्यवहार मंत्र्यांवरचा खटला जिंकला: प्रकल्पाला गरजेपेक्षा जास्त पाणी देणं हा पालक म्हणून सरकारने केलेला कर्तव्यभंग आहे. मग १९७३ चा संकटग्रस्त प्रजाती कायदा आला. क्वी-वी आणि लाहोन्टन कटथ्रोट दोघेही संरक्षित यादीत होते. ट्रकीच्या उपनदीवर १९७० मध्ये बांधलेल्या स्टॅम्पीड धरणाचं पाणी रीनोच्या नळांना न देता वसंतात माशांसाठी सोडायचं, असं मंत्रालयाने ठरवलं, आणि १९८४ मध्ये अपील न्यायालयाने ते उचलून धरलं. पाण्याचा जो हक्क राखीव भूमी म्हणून मिळाला नाही, तो जाड ओठांच्या एका माशाच्या नावाने मिळाला. १९९० मध्ये तडजोडीचा कायदा झाला. त्यावर आधारलेला, नेवाडा, कॅलिफोर्निया, शहरं आणि जमात यांच्यातला पाणीवाटपाचा करार २००८ मध्ये सह्या होऊन २०१५ च्या अखेरीस लागू झाला.

माशाचं परतणं याच्या समांतर चाललं होतं. १९७० च्या दशकाअखेर मत्स्यशास्त्रज्ञ रॉबर्ट बेन्के यांना युटाच्या सीमेवर, पायलट पीक डोंगरातल्या एका चिंचोळ्या ओढ्यात कटथ्रोट सापडली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोणीतरी पिरॅमिडचं बियाणं तिथे आणून सोडलं असावं, असा त्यांचा कयास. १९९५ मध्ये ते मासे गार्डनरव्हिलच्या मत्स्यबीज केंद्रात आणले गेले. पुढे संग्रहालयांत जपलेल्या जुन्या माशांच्या डीएनएशी त्यांचा मेळ बसला. २००६ पासून हे वाण पिरॅमिडमध्ये सोडू लागले, आणि ओढ्यात वीतभर राहणारा मासा तळ्यात काही वर्षांतच वीस पौंडांपार गेला. २०१४ मध्ये त्याने ट्रकीत चढून अंडी घातली, शहात्तर वर्षांनी पहिल्यांदा.

ही गोष्ट लोकांना फार भावते, आणि भावावीच. पण हिच्यामुळे श्रेय एकाच ठिकाणी साचतं. ओढ्यातून मासा मिळाला. त्याला सोडायला तळं शिल्लक होतं, हे कुणामुळे? दक्षिणेकडचं वॉकर लेक पाहावं. तेही लाहोन्टनचंच उरलेलं तळं, तिथेही कटथ्रोट होती, नदीकाठी तिथेही पायूट जमात आहे. वरच्या शेतांनी नदी उचलली, १८८२ नंतर तळं दीडशे फुटांहून अधिक खाली गेलं, आणि क्षार इतके वाढले की २००० च्या दशकाअखेर ट्राउट तिथून नाहीशी झाली. मत्स्यबीज केंद्रातून तिथेही मासे येत होते. पाणी येत नव्हतं.

म्हणून पिरॅमिडच्या काठावर येणाऱ्याला राज्याचा नाही, जमातीचा परवाना घ्यावा लागतो, याला मी फार महत्त्व देतो. काठावरच्या सटक्लिफला जमातीची स्वतःची मत्स्यबीज केंद्रं आहेत. कोणते किनारे बंद, कोणत्या मापाचा मासा ठेवायचा, कोणता परत सोडायचा, हे जमात ठरवते. सुळक्याच्या बाजूचे काही भाग पवित्र म्हणून बाहेरच्यांना बंद आहेत. अनाहो बेटावर पांढऱ्या पेलिकनांची मोठी वसाहत आहे; १९१३ पासून ते अभयारण्य आहे आणि तिथे पाय ठेवता येत नाही. ट्यूबमधून बेट दिसतं तेवढंच.

काम अर्धंच झालं आहे. तळ्यातली बहुतेक ट्राउट अजून केंद्रात वाढून आलेली असते. १९७० च्या दशकात मुखाशी बांधलेल्या मार्बल ब्लफ बंधाऱ्यातून माशांना वर नेण्याची सोय आहे, पण नदीत पुढेही अडथळे आहेत. डर्बी धरणावर २०२० मध्ये माशांसाठी आडवी जाळी बसली, त्यामुळे मासे आता कालव्यात ओढले जात नाहीत आणि वरच्या नदीकडे जाऊ शकतात. रीनोच्याही वर, सिएराच्या थंड, खडकाळ पात्रांत ट्राउट पूर्वी अंडी घालायला जात असे. तिथवर ती स्वतःच्या बळावर पोचायला, वसंतात योग्य त्या आठवड्यांत, योग्य तेवढं पाणी दरवर्षी नदीत सोडावं लागणार आहे. दुष्काळी वर्षातसुद्धा.