आधी शाळेचं फाटक, मग घर
(परदेशी बिऱ्हाड : लेखांक ५)

मागच्या लेखांकात व्हिसा, शाळेचे दाखले आणि मुलांच्या लसीकरणाच्या नोंदी यांचा विचार केला. आता प्रश्न राहायचं कुठे, हा. गोंदियात घर बघायचं तर रेलटोली, रामनगर, कुडवा आणि छोटा गोंदिया यांतला फरक कुणी समजावून सांगावा लागत नाही. शाळा कशी, दवाखाना किती लांब, शेजार कसा, हे सगळं आधीच कानावर असतं. मेलबर्न किंवा टोरांटोच्या उपनगरांबद्दल अशी काहीच माहिती गाठीशी नसते. म्हणून तीन-चार वर्षांचं मूल घेऊन निघालेलं जोडपं बहुधा एकच क्रम धरतं: आधी नोकरीचं ठिकाण, मग परवडणारं भाडं, आसपास ओळखीचं कुणी असेल तर उत्तम, आणि शाळेचं तिथे गेल्यावर बघू. मूल लहान असेल तर हा क्रम उलटा करायला हवा, असं माझं ठाम मत आहे. शाळा आधी ठरवावी, तिच्याभोवती पायी जाता येईल एवढ्या टापूत घर शोधावं, आणि नोकरीच्या प्रवासाचा त्रास मोठ्यांनी सोसावा.

याचा एक दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळची नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत १९७२ मध्ये वसली, तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. १९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले, त्यांच्यामागून हजारो कुटुंबं आली, आणि बैलकुप्पे, मैनपाट, मुंडगोड अशा एकेक वसाहती उभ्या राहिल्या. त्याच मालिकेतली ही आपल्याकडची. याच तालुक्यात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांची अरुणनगर, गौरनगर ही गावंही आहेत. या लोकांना जागा निवडता आली नाही, त्यांच्यासाठी ती सरकारने निवडली. सरकारने पाहिलं ते मुख्यतः जमीन मोकळी आहे का आणि शेती करता येईल का. पठारावरच्या थंडीत वाढलेल्या माणसांना मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकणाऱ्या धानपट्ट्यात आणून बसवण्यामागे दुसरा विचार दिसत नाही. तिबेटी मुलांच्या बाबतीत मात्र आणखी एक निर्णय फार लवकर झाला होता. नेहरूंच्या आग्रहाने १९६१ मध्ये शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत तिबेटी शाळांसाठी स्वतंत्र संस्था उभी राहिली आणि मुलांना स्वतःची भाषा व आधुनिक शिक्षण दोन्ही मिळायची सोय झाली. पुढे काय झालं पाहा. तिबेटी वसाहतींत नुसत्या शेतीवर भागेना. हिवाळा लागला की घरातली कर्ती माणसं स्वेटरचे गठ्ठे घेऊन शहरोशहरी दुकानं मांडू लागली, आणि पुढची पिढी बंगळुरू-दिल्लीकडे, काही जण तर थेट टोरांटोच्या पार्कडेल भागात गेली. जमीन पाहून निवडलेली जागा एका पिढीनंतर अपुरी पडली. शाळेत मिळालेलं मात्र मुलं गेली तिथे त्यांच्या उपयोगी पडलं.

यावर लगेच कुणी म्हणेल, ती निर्वासित माणसं, आम्ही इंजिनिअर आणि नर्स, ही तुलना कशी चालेल? परिस्थिती वेगळी आहे हे खरं. पण ज्यांना निवड करता येत नाही, त्यांच्याकडूनच जागेचा स्वतंत्र परिणाम कळतो. स्वतः निवडून राहणाऱ्यांच्या यशात जागेचा वाटा किती आणि त्यांच्या पैशाचा, हुशारीचा किती, हे वेगळं काढता येत नाही. अमेरिकेत १९९४ ते १९९८ दरम्यान बाल्टिमोर, बोस्टन, शिकागो, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क या पाच शहरांत सरकारी चाळींमधल्या सुमारे ४,६०० गरीब कुटुंबांपैकी काहींना चिठ्ठ्या टाकून कमी गरिबीच्या वस्त्यांत जाण्यासाठी भाड्याची मदत मिळाली. सुरुवातीच्या अभ्यासांत मोठ्यांच्या कमाईत फरक दिसला नाही. राज चेट्टी, नॅथॅनियल हेंड्रन आणि लॉरेन्स कॅट्झ यांनी मुलं मोठी झाल्यावर पुन्हा हिशेब मांडला. तेराव्या वर्षाच्या आत नव्या वस्तीत गेलेल्या मुलांची विशीतली कमाई, न हललेल्या मुलांपेक्षा सुमारे ३१ टक्क्यांनी जास्त निघाली. त्याहून मोठ्या मुलांना फायदा झाला नाही, उलट थोडं नुकसानच झालं. म्हणजे वस्ती वर्षांच्या हिशेबाने काम करते. मूल जितकी जास्त वर्षं तिथे वाढेल तितका तिचा परिणाम, आणि मोठ्या वयात मुळापासून उपटून लावलं तर ते रोपाला सोसत नाही. हे आकडे अमेरिकेतल्या अतिगरीब कुटुंबांचे आहेत. ते जसेच्या तसे मेलबर्नला गेलेल्या पगारदार घराला लावू नयेत. पण वयाचा मुद्दा मला पक्का वाटतो. घरात दहावीतला मुलगा असेल तर या लेखातला सल्ला त्या घराला लागू नाही. चार वर्षांची मुलगी असेल तर पहिल्या घराची निवडच सर्वांत महत्त्वाची, कारण भाडेकरार संपला की बदलू, असं म्हणत केलेल्या प्रत्येक बदलीत तिची वर्षं तुटतात.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: शाळेमागे धावलं तर आपली माणसं लांब राहतील. याला उलट बाजूनेही घेतात. आपल्यांतच राहिलं तर मूल नव्या देशात मिसळणार कसं, असं काही पालक विचारतात. या दोन्ही शंकांना स्वीडनचा अनुभव उपयोगी पडतो. तिथल्या सरकारने १९८५ पासून काही वर्षं निर्वासितांना देशभर निरनिराळ्या गावांत पाठवलं. त्या नोंदींवरून पेर-अँडर्स एडिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवलं की कमी शिकलेल्यांना स्वदेशीयांच्या वस्तीत राहिल्याने कमाईत फायदा झाला. पण त्या वस्तीतले लोक स्वतः किती पुढे गेलेले आहेत, यावर तो फायदा अवलंबून होता. पुढे मुलांच्या गुणांचा अभ्यास झाला तेव्हा आपल्याच समाजातले उच्चशिक्षित प्रौढ आसपास असलेल्या मुलांची शाळेतली प्रगती चांगली दिसली. म्हणजे आपली माणसं शेजारी असावीत की नसावीत, हा प्रश्नच अर्धवट आहे. शेजारची माणसं काय करतात आणि मुलाच्या नजरेला काय पडतं, हे विचारायला हवं. सिडनीचं हॅरिस पार्क किंवा मेलबर्नच्या पश्चिमेचं टार्नीट ही नावं भारतीयांच्या तोंडी सारखी येतात. किराणा मिळतो, सण होतात, बोलायला माणूस भेटतो, आणि पहिल्या हिवाळ्यात घरी एकट्या राहणाऱ्या आईला याची किती गरज असते हे हलकं समजू नये. पण नुसत्या किराण्यापायी वस्ती निवडू नये. दुकान महिन्यातून दोनदा गाडी काढून गाठता येतं, शाळा रोज गाठावी लागते.

रोज म्हणजे काय, हे नीट पाहू. ऑस्ट्रेलियात प्राथमिक शाळा दुपारी साडेतीनच्या आसपास सुटते. मुख्य शहरातली कचेरी पाचला सुटली आणि टार्नीटसारख्या टोकाच्या उपनगरात परतायचं म्हटलं, तर रेल्वे धरली तरी घरी पोचायला सहा वाजून जातात. टार्नीटला रेल्वे स्टेशन आलंच २०१५ मध्ये. तोवर घरं आणि माणसं आधीच येऊन बसली होती. मधल्या दोन-अडीच तासांसाठी शाळेनंतरचं पाळणाघर असतं, त्याचे वेगळे पैसे पडतात आणि उशीर झाला तर दंडही भरावा लागतो. गाडी एकच असेल तर सगळा दिवस त्या एका वेळेभोवती फिरतो. या तासांत एक माणूस लागतो: शाळेच्या नोंदीत ज्याचं नाव दिलं आहे, जो चालत जाऊन मुलाला घेऊन येईल आणि दूध देऊन आपल्या मुलासोबत खेळायला बसवेल. गोंदियात हे काम आजी करते किंवा शेजारची काकू करते. परदेशात ही काकू मिळवावी लागते. ती मराठीच असावी असं नाही, पण तिचं मूल त्याच शाळेत आणि तिचं घर त्याच रस्त्यावर असावं लागतं. म्हणून शाळेभोवतीचा टापू धरला की आपली माणसंही तिथेच जमत जातात. आपली माणसं धरून शाळा शोधायला निघालं की असं घडेलच याची खात्री नाही.

राहिला पैशाचा आक्षेप, आणि तो खरा आहे. व्हिक्टोरिया राज्यात घर ज्या सरकारी शाळेच्या हद्दीत, तिथे मुलाला प्रवेशाचा हक्क असतो. त्यामुळे नावाजलेल्या शाळेच्या हद्दीत भाडं चढतं. तरी तीन खोल्यांच्या बंगल्याऐवजी दोन खोल्यांचा फ्लॅट घेऊन बऱ्याच कुटुंबांना अशा हद्दीत शिरता येतं. अंगण नसलं तर चालेल, बाग दोन गल्ल्या पुढे असतेच. शिवाय सर्वांत वरच्या गुणांची शाळा हवी असा हट्ट धरायचं कारण नाही. साधी, नीट चालणारी, पायी पोचता येणारी शाळा पुरे. काही राज्यांत तात्पुरत्या व्हिसावरच्या कुटुंबांकडून सरकारी शाळेतही शुल्क घेतात, हे भाडं ठरवण्याआधी विचारून घ्यावं. मराठीची काळजी मात्र वस्तीवर सोडू नये. अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या छत्राखाली शनिवार-रविवारच्या मराठी शाळा गावोगाव चालतात, आणि घरात बोलणं सुरू असेल तर आठवड्यातले दोन तास पुरतात.

इथे बसून एवढं नक्की करता येईल. नकाशावर शाळेचं फाटक धरा आणि तिथपासून पंधरा मिनिटं चालण्याचं अंतर आखा. त्या टापूत भाड्याची घरं आहेत का, मधे मोठा हमरस्ता ओलांडावा लागतो का, बस किती वेळाने येते, डॉक्टर कुठे, हे एकेक पाहा. व्हिक्टोरियात ३० एप्रिलपर्यंत पाच वर्षं पूर्ण होत असतील तर त्याच वर्षी जानेवारीच्या अखेरीस मूल शाळेत बसतं. आपल्या जूनच्या सवयीने मे महिन्यात विमान पकडलं तर तोवर अर्धं वर्ष सरत आलेलं असतं. पहिले सहा-आठ आठवडे कुठेही भाड्याने काढा, ओळखीच्याकडे राहा, पण लांब मुदतीच्या करारावर सही त्या फाटकासमोर एकदा साडेतीनला उभं राहून पाहिल्याशिवाय करू नका. त्या करारात काय काय वाचायचं, अनामत कुणाकडे ठेवायची आणि घरमालकाच्या कोणत्या अटी मान्य करू नयेत, ते पुढच्या आठवड्यात.