इगतपुरी : एका चढावाने घडविलेले गाव

गावांच्या उत्पत्तीचा विचार करताना आपण सामान्यतः नदी, तीर्थ, किल्ला अथवा बाजारपेठ यांपैकी एखादे कारण शोधतो. नाशिक जिल्ह्यातील इगतपुरीच्या बाबतीत मात्र हे कारण लोहमार्गाच्या चढावात सापडते.

‘ग्रेट इंडियन पेनिन्शुला’ कंपनीची पहिली आगगाडी १८५३ मध्ये मुंबईहून ठाण्यास गेली. १८६१ च्या आरंभी हा मार्ग घाटाच्या पायथ्याशी कसाऱ्यास पोहोचला. त्याच वर्षी घाटमाथ्यावरील इगतपुरी ते चाळीसगाव हा मार्गही खुला झाला. मधला घाट मात्र १ जानेवारी १८६५ पर्यंत अपुराच होता. सुमारे चार वर्षे इगतपुरी हे अशा रीतीने एका तुटलेल्या मार्गाचे टोक होते. आगगाडीने आलेल्या माणसाला व मालाला येथून पुढे घाटरस्त्याचाच आश्रय होता.

मार्ग सांधला गेल्यावर हे महत्त्व संपले नाही, याचे कारण घाटाची चढण होय. तिचे प्रमाण सदतिसास एक, म्हणजे सदतीस फूट अंतरात एक फूट उंची, असे आहे. त्यामुळे कसाऱ्यास गाडीला जादा इंजिने जोडावी लागत व माथ्यावर ती सोडावी लागत. उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक तपासावे लागत. इंजिनास पाणी व चालकास विश्रांती हवी, म्हणून इंजिनशाळा आल्या, कामगारांच्या चाळी आल्या आणि त्यांच्यामागून बाजार आला.

या इतिहासाची साक्ष स्थलनामेही देतात. नाशिक हे जुने क्षेत्र. लोहमार्ग त्याच्यापासून काही मैल दूर राहिला, म्हणून स्थानकाच्या नावात ‘रोड’ हे पद आले. इगतपुरीस असे पद लागले नाही, कारण येथे गावच स्थानकाभोवती वाढले. तसेच जुन्या ‘थळघाटा’स आज लोक ‘कसारा घाट’ म्हणतात. गाडी जेथून चढू लागते, त्या स्थानकाचे नाव घाटाला मिळाले, असे यावरून म्हणता येते.

नावे मात्र सर्वांची टिकत नाहीत. मुख्य अभियंता जेम्स बर्कले घाट पुरा होण्यापूर्वी, १८६२ मध्ये निवर्तला. तरी त्याचे नाव इतिहासात राहिले. ज्या मजुरांनी बोगदे खोदले आणि ज्यांतील अनेक पटकीस, तापास वा अपघातास बळी पडले, त्यांची नावे कोठेच आढळत नाहीत. इगतपुरीचे आद्य संस्थापक खरे तर तेच होत.

१९३० मध्ये कल्याणकडून विजेची गाडी आली, तेव्हाही वाफेचे व विजेचे इंजिन बदलण्याचे ठिकाण इगतपुरीच ठरले. २०२३ पासून धावणारी मुंबई-शिर्डी वंदे भारत गाडी मात्र जादा इंजिनाविना घाट चढते. थांबणे भाग पडले म्हणून जे गाव वाढले, त्याच्या इतिहासाची साधने गोळा करण्याचे काम आता लांबणीवर टाकता येणार नाही.