तिथी परिचारिकेच्या नावाने

आषाढी पौर्णिमेला गोपाळपुरात काला झाला की पंढरपूर ओसरू लागते. दिंड्या परततात, वाळवंटातल्या राहुट्या उतरतात आणि त्यांच्यासोबत वारीसाठी उभे केलेले तात्पुरते दवाखाने, रुग्णवाहिका, शिबिरांचे मांडवही निघून जातात. गेल्या काही वर्षांत या सोयींत पुष्कळ भर पडली आहे. राज्य सरकारने २०२३ मध्ये ‘आरोग्याची वारी, पंढरीच्या दारी’ हा उपक्रम सुरू केला. सेवाभावी मंडळे, औषध विक्रेते आणि डॉक्टरांच्या संघटना आपापल्या परीने वारकऱ्यांची सेवा करतात, फोड आलेल्या पायांना मलमपट्टी करतात, रक्तदाब तपासतात, गोळ्या देतात. या सेवेचे मोल कमी लेखता येणार नाही. पण त्या शिबिरात पहिल्यांदा साखर वाढलेली आढळलेला सांगोल्याचा किंवा मंगळवेढ्याचा शेतकरी गावी परतल्यावर त्याच्याकडे कोण लक्ष देते? गोळ्या संपल्या, पायाची जखम चिघळली, तर पहिल्यांदा ती कुणाच्या ध्यानात येते? पंढरपुरात आणि पंढरपूरच्या नावाने आरोग्यासाठी जो पैसा गोळा होतो, त्यातला मोठा वाटा इमारती, यंत्रे आणि शिबिरे यांच्याऐवजी परिचारिकांच्या शिक्षणाकडे आणि गावोगावच्या सेवेकडे वळला पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. ते या गावच्या परंपरेला सोडून नाही, हेही इथे दाखवायचे आहे.

पंढरपूरची दानाची सवय जुनी आहे आणि तिचे स्वतःचे व्याकरण आहे. इथे धर्मशाळा बांधली जाते, मठाला खोली दिली जाते, अन्नदानासाठी तिथी धरली जाते. दाता एक रक्कम कायम ठेव म्हणून ठेवतो, तिच्या व्याजातून दरवर्षी ठरलेल्या तिथीला, बहुधा आईवडिलांच्या स्मृतिदिनी, पंगत बसते. मुद्दलाला हात लागत नाही. आधुनिक भाषेत ज्याला स्थायी निधी म्हणतात, तो साध्या वारकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. याच गावात १८७५ मध्ये प्रार्थना समाजाच्या मंडळींनी, इथल्या न्यायालयात असलेल्या लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने, टाकून दिलेल्या अर्भकांसाठी आश्रम काढला. विधवेच्या पोटी आलेले मूल पंढरीत सोडून जाण्याचा तो काळ होता आणि पुढच्याच वर्षी दक्षिणेत मोठा दुष्काळ पडला. आज वासुदेव बाबाजी नवरंगे बालकाश्रम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेचा मोठेपणा तिच्या भिंतींत नाही. तान्ह्या मुलाला रात्री-अपरात्री दूध पाजणारे, तापात उशाशी बसणारे माणूस तिथे रोज हवे असते, आणि त्या रोजच्या खर्चासाठी देणारे सापडत गेले म्हणून ती टिकली. अर्भकाला कोनशिलेचा काही उपयोग नसतो.

गाडगे महाराजांनी हीच गोष्ट आणखी एका पायरीने पुढे नेली. कीर्तनातून लोकांकडून मागायचे, पैसा स्वतःजवळ न ठेवता विश्वस्तांच्या हाती सोपवायचा, आणि त्यातून धर्मशाळा उभ्या करायच्या, ही त्यांची रीत होती. पंढरपुरात त्यांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली, कारण अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्याला गावात टेकायला जागा नव्हती. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ त्यांनी रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा उभारली. खेड्यातून आलेला रोगी खाटेवर असतो, पण त्याच्यासोबतचे माणूस फुटपाथवर असते, हे त्यांना दिसले होते. रुग्णालयाच्या मोफत उपचारालाही एक न दिसणारा खर्च असतो, ही जाणीव त्या बांधकामामागे होती. पुढे १९४९ मध्ये त्यांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली, ती विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी. वारीपुरते छप्पर देणारी वास्तू मुलांच्या शिक्षणाला देऊन टाकणे, हा निर्णय ज्याने ती दारोदार मागून बांधली त्यानेच घेतला. धर्मादायाचा हेतू काळानुसार वाढवता येतो आणि तो वाढवल्याने मूळ दात्याचा अपमान होत नाही, याचा याहून स्वच्छ दाखला मला माहीत नाही.

आता परिचारिकांकडे वळू. आपल्या भागात शिकलेल्या परिचारिकेची गरज पहिल्यांदा ओळखली ती मिरजेला. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये तिथे मिशनचे रुग्णालय उघडले आणि तीनच वर्षांत, १८९७ मध्ये, परिचारिकांचे शिक्षण सुरू केले. शल्यचिकित्सक कितीही कुशल असला तरी शस्त्रक्रियेनंतरचे दिवस परिचारिकेच्या हाती असतात, हे वॉनलेस यांना पहिल्या काही वर्षांतच उमगले असणार. पुण्यात १९०९ मध्ये सुरू झालेल्या सेवासदनाने, रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांच्या कामातून, त्याहून अवघड गोष्ट केली. विधवा आणि परित्यक्ता स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेण्यासाठी पाठवायचे, त्यांच्या राहण्याजेवणाची सोय करायची. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावण्याचे काम म्हणून समाज ज्या व्यवसायाला हीन समजत होता, त्यात आपल्या घरातल्या बायकांनी जावे म्हणून लोकांकडून वर्गणी मागणे ही लहानसहान गोष्ट नव्हती. आजच्या शब्दांत ती नर्सिंगची शिष्यवृत्तीच होती. एका बाईच्या शिक्षणावर झालेला खर्च तिचे घर सावरतो आणि पुढची तीस-पस्तीस वर्षे शेकडो रोग्यांपर्यंत पोचतो. दुसऱ्या कोणत्याही दानाची अशी दुहेरी फळे मोजता येतील असे मला वाटत नाही.

पण नुसत्या श्रद्धेवर हा मुद्दा सोडायचे कारण नाही, कारण याचा पुरावा सोलापूर जिल्ह्यातच आहे. बार्शीला १९८२ मध्ये नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालय उभे राहिले. तालुक्याच्या गावी कर्करोगाचे रुग्णालय, ही कल्पनाच त्या वेळी धाडसाची होती. तिथल्या मंडळींच्या लवकरच लक्षात आले की बायका येतात त्या रोग हाताबाहेर गेल्यावर. म्हणून १९८७ मध्ये टाटा मेमोरियलच्या मदतीने बार्शी, परंडा आणि भूम या तालुक्यांतल्या गावांसाठी कर्करोगाची नोंदवही सुरू झाली. भारतातली ही पहिली ग्रामीण नोंदवही. तिचे कार्यकर्ते रुग्णालयात बसून राहिले नाहीत. ते गावोगाव फिरले, लोकांना लक्षणे समजावून सांगितली आणि संशयित रोग्यांना तपासणीसाठी आणले. पुढे १९९९ पासून शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात बार्शीचे रुग्णालय, टाटा मेमोरियल आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून एक मोठा अभ्यास केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी काही गावांत एका प्रकारची तपासणी, काही गावांत दुसऱ्या, तर काही गावांत नेहमीचीच व्यवस्था. २००९ मध्ये निष्कर्ष छापले गेले तेव्हा दिसले की ज्या गावांत एचपीव्ही विषाणूची चाचणी आयुष्यात एकदाच झाली, तिथे या रोगाने ३४ बायका दगावल्या, आणि तपासणी न झालेल्या, जवळजवळ तेवढ्याच मोठ्या गटात ६४. त्या गटाला तपासणीपासून दूर का ठेवले, असा आक्षेप नंतर घेतला गेला आणि तो रास्त आहे. पण आकड्यांचे सांगणे त्याने बदलत नाही. या कामाला पैसा बाहेरच्या मोठ्या देणगीतून, गेट्स फाउंडेशनकडून आला. तो गावात जाणाऱ्या बायकांवर, त्यांच्या प्रशिक्षणावर आणि नमुने तपासण्यावर लागला. ज्या गोष्टीबद्दल घरात नवऱ्याशीही बोलता येत नाही, त्या गोष्टीसाठी खेड्यातल्या बाईने तपासणीला तयार व्हावे, हे काम कोणत्याही यंत्राचे नव्हते. ते तिच्याशी तिच्या बोलीत बोलणाऱ्या, शिकलेल्या बाईचे होते.

असे असूनही दानपेटी उघडली की पैसा यंत्राकडे धावतो. डायलिसिसच्या यंत्रावर दात्याचे नाव लागते, वॉर्डाच्या दारावर संगमरवरी पाटी बसते. मुलीच्या तीन वर्षांच्या वसतिगृहाच्या बिलावर पाटी बसवता येत नाही. इथेच पंढरपूरची तिथी उपयोगी पडते. समजा एखाद्या कुटुंबाने १० लाख रुपये कायम ठेव म्हणून ठेवले आणि त्यावर सात टक्के व्याज मिळाले, तर वर्षाला ७० हजार रुपये हाती येतात. महागाईला तोंड द्यायला त्यातला थोडा भाग मुद्दलात परत घालावा लागेल, तरी उरलेल्यातून एका विद्यार्थिनीच्या खाणावळीचा, गणवेशाचा, पुस्तकांचा आणि परीक्षा शुल्काचा बराच भार उचलता येईल. ज्यांना एवढे जमत नाही, त्यांच्या भिशीच्या गटाने किंवा दिंडीने मिळून एक तिथी धरावी. आईच्या स्मृतिदिनी पंगत घालायची की तिच्या नावाने एक मुलगी शिकवायची, असा पेच मुळीच उभा करायचा नाही. दोन तिथी धरता येतात.

सरकारचे काम लोकांनी का करावे, हा पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप. मुलींच्या व्यावसायिक शिक्षणाच्या शुल्कमाफीचा निर्णय राज्याने २०२४ मध्ये घेतला. शस्त्रक्रियांसाठी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखणे, शिवाय बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकणे बंधनकारक आहे. हे हक्क मागून घेतलेच पाहिजेत आणि देणग्यांच्या आड सरकारला लपू देता कामा नये. पण या तरतुदी कुठे थांबतात तेही पाहावे. शुल्क माफ झाले तरी खोलीचे भाडे आणि जेवण माफ होत नाही, आणि मोलमजुरी करणाऱ्या घरातली मुलगी शुल्कापायी शिक्षण सोडते तशी खाणावळीपायीही सोडते. विमा योजना रुग्णालयात दाखल झाल्यावर लागू होते, घरी परतलेल्या रोग्याची पट्टी बदलायला ती येत नाही. जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्याच, बहुतेक निरक्षर बायकांना आरोग्यसेविका म्हणून घडवले. गडचिरोलीत ‘सर्च’ने गावातल्याच सेविकांना घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घ्यायला लावली आणि नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून अधिक कमी झाल्याचे १९९९ मध्ये दाखवून दिले. देशभरातला ‘आशा’ कार्यक्रम २००५ मध्ये आला तो या कामांच्या मागून. लोकांच्या पैशाने आधी करून दाखवले, मग सरकारला ते टाळता आले नाही, असा हा क्रम आहे.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे. शिकलेली मुलगी पुण्या-मुंबईला किंवा आखातात जाईल, मग आपल्या तालुक्याला काय मिळाले? ती गेली तर तिला दोष देणे अन्यायाचे ठरेल, तिच्या पगारावर मागे एक घर उभे राहते. तरीही निवड करताना काही गोष्टी पाळता येतात. खेड्यात वाढलेले विद्यार्थी खेड्यात टिकण्याची शक्यता अधिक असते, म्हणून प्रवेश देताना त्यांना प्राधान्य द्यावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्येच केली आहे. शिष्यवृत्तीच्या बदल्यात दोन वर्षे जिल्ह्यात सेवा, असा साधा करार ठेवता येईल. मात्र त्या दोन वर्षांचा पगार रास्त हवा. सेवाभावाच्या नावाखाली परिचारिकेला कमी पगारावर राबवणे हा धर्मादाय नव्हे, आणि आपल्याकडे ही खोड खोलवर रुजलेली आहे.

मग उरतो विश्वासाचा प्रश्न. देवाच्या पेटीत टाकलेले पैसे देवाच्याच कामी लागले पाहिजेत हे खरे आहे, आणि विश्वस्त संस्थेला घटनेतल्या उद्दिष्टांबाहेर खर्च करताही येत नाही. पण देवस्थानाने आरोग्याला हात घातला म्हणून भक्ती उणावली असे शिर्डीत दिसले नाही, शेगावातही नाही. शेगावच्या संस्थानची शाखा तर पंढरपुरातच आहे. नव्या दात्याने देण्याआधीच उद्देश लिहून द्यावा आणि संस्थेकडून काही गोष्टी मागाव्यात. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे का, लेखापरीक्षित हिशेब वेळेवर जातो का, प्राप्तिकर सवलतीसाठीची नोंद चालू आहे का, वर्षअखेर देणगीचे प्रमाणपत्र मिळते का. दोन हजारांवरची रोख देणगी प्राप्तिकराच्या सवलतीला पात्र नसते आणि नव्या करप्रणालीत ही सवलत नाहीच, हेही आधीच सांगणारी संस्था असेल तर ती निदान खरे बोलते. मोबाइलवर रोज येणारी एकेका रोग्याची करुण छायाचित्रे माणसाला हलवतात, तशी एखाद्या निधीची पावती हलवत नाही. म्हणून त्या पावतीसोबत दरवर्षी एक कागद यावा. त्यावर किती मुली शिकत आहेत, किती उत्तीर्ण झाल्या, कोण कोणत्या उपकेंद्रात किंवा रुग्णालयात रुजू झाली, कुणी मध्येच शिक्षण सोडले आणि का, हे साध्या मराठीत लिहिलेले असावे. हा कागद आषाढीच्या आधी, दिंडी गावातून निघण्यापूर्वी, दात्याच्या हातात पडला पाहिजे, म्हणजे वाटेवरच्या मुक्कामात तो दहा जणांना वाचून दाखवता येईल.